दुकानातले आवाज: लिनक्सवरच्या साउंड थीमच्या प्रकल्प नोंदी

31 मे 2025, शनिवार. चोपडा

आप्पांचं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, स्कॅन, लॅमिनेशन. तीन संगणक, तिन्हींवर लिनक्स: काउंटरवरच्या दोघांवर मिंट 22 सिनॅमन, मागच्या जुन्या डब्यावर डेबियन 12 आणि एक्सएफसीई (मिंट, डेबियन हे लिनक्सचे प्रकार; सिनॅमन, एक्सएफसीई हे त्यांवरचे डेस्कटॉप). अकरावीच्या फॉर्मांचे दिवस, त्यामुळे बाकावर पोरं, बाकाबाहेर पालक.

काम काय करायचं ते आप्पांनी एका वाक्यात सांगितलं: "हाई काय वाजस रे दिवसभर?" वाजतं ते सगळं सारखंच. खिडकी उघडली की टुक, आवाज कमीजास्त केला की टुक, सूचना आली की टुक. दुकानात आता कुणी त्याकडे लक्षच देत नाही, आणि ज्या वेळी लक्ष द्यायला हवं तेव्हा संगणक गप्प असतो. पवन झेरॉक्स मशीनवर काम करतो तेव्हा त्याची पाठ स्क्रीनकडे असते. प्रिंटर कागद संपून थांबला, तरी गिऱ्हाईक "झालं का?" विचारेपर्यंत त्याला पत्ता नसतो.

म्हणून स्वतःची साउंड थीम, म्हणजे कोणत्या प्रसंगाला कोणता आवाज वाजायचा याचा संच, करायची ठरवली. नियम असा: आवाज ऐकून माणसाने काहीतरी करायचं असेल तरच तो ठेवायचा. वहिनी, पवन आणि आप्पा यांना विचारून यादी केली. लाईट गेली आणि यूपीएसवर आलो. यूपीएस संपत आला. प्रिंटर थांबला. पेन ड्राइव्ह आता काढली तरी चालेल. स्कॅनची लांबलचक पीडीएफ तयार झाली. बाकी सगळं बंद. लॉगिनचा सूरही बंद. सकाळी दुकान उघडलंय हे आप्पांना माहीत असतं.

(आज्ञा आणि फाईलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थात रोमन.)

1 जून, रविवार

आवाज कुठून येतात ते आधी पाहून घेतलं. फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग या मंडळींनी डेस्कटॉपच्या आवाजांसाठी दोन नियमावल्या केल्या आहेत. एकीत आवाजांची नावं ठरवून दिली आहेत, दुसरीत थीमचं फोल्डर कसं असावं ते. नावं प्रसंगांवरून: बॅटरी-लो, पॉवर-अनप्लग, डिव्हाइस-ॲडेड, डायलॉग-वॉर्निंग, ट्रॅश-एम्प्टी, कम्प्लीट, बेल-टर्मिनल. प्रोग्रामने फक्त नाव सांगायचं; त्या नावाची फाईल शोधून वाजवायचं काम लिबकॅनबेरा ही लायब्ररी करते. मूळ संच यूएसआर/शेअर/साउंड्स/फ्रीडेस्कटॉप/स्टीरिओ या फोल्डरमध्ये आहे, ओजीए फाईलींच्या रूपात. एकेक ऐकत बसलो. चांगले आहेत, पण लहान स्पीकरवर निम्मे एकमेकांसारखे वाटतात.

आपली थीम करायला रूट (संगणकाचा मुख्य वापरकर्ता) व्हावं लागत नाही. घरच्या फोल्डरात डॉट-लोकल/शेअर/साउंड्स याखाली "खान्देश" नावाचं फोल्डर केलं, आत "स्टीरिओ" आणि "इंडेक्स.थीम" नावाची साधी मजकूर फाईल. तिच्यात मोजक्या ओळी लागतात. साउंड थीम या शीर्षकाखाली थीमचं नाव, कोणाकडून वारसा घ्यायचा (इनहेरिट्स म्हणजे फ्रीडेस्कटॉप) आणि फोल्डरांची यादी (डिरेक्टरीज म्हणजे स्टीरिओ). मग स्टीरिओ या शीर्षकाखाली आउटपुट-प्रोफाइल म्हणजे स्टीरिओ. संपलं.

वारशाची सोय चांगली आहे, पण आमच्या नियमाला ती आडवी येते. आपल्या थीममध्ये एखादा आवाज नसला तर शोध आईबापांकडे जातो आणि नको असलेला टुक पुन्हा वाजतो. फाईल न ठेवणं म्हणजे शांतता नव्हेच. त्यासाठी नियमावलीत एक युक्ती दिली आहे: आवाजाचं नाव आणि पुढे डॉट-डिसेबल्ड अशी रिकामी फाईल ठेवायची. ती दिसली की शोध तिथेच थांबतो आणि काहीच वाजत नाही. टच आज्ञेने अशा रिकाम्या फाईलींची रांग लावून टाकली. आमच्या थीममध्ये आवाजापेक्षा गप्प बसवलेली नावं जास्त आहेत.

ध्वनीफाईल ओजीए, ओजीजी किंवा वेव्ह चालते. एमपी3 शोधातच धरली जात नाही.

शोधताना एक गोष्ट सापडली ती पुढे उपयोगी पडेल. स्टीरिओच्या आत भाषेच्या नावाचं उपफोल्डर ठेवता येतं. संगणकाची भाषा मराठी असेल तर "एमआर" फोल्डरमधली फाईल आधी निवडली जाते, नसेल तर बाहेरची. म्हणजे बोलून सांगणारे आवाज भाषेप्रमाणे वेगळे ठेवता येतात. अहिराणीसाठी वेगळं फोल्डर करण्याच्या भानगडीत पडलो नाही. दुकानातले दोन संगणक मराठीत आहेत, एमआरमध्येच अहिराणी ठेवायची.

7 जून, शनिवार

आजचा दिवस आवाज गोळा करण्यात गेला. आवाज कोणते निवडायचे हे कानाने ठरवायला हवं होतं. संगणकाचा त्यात फारसा संबंध नाही.

दुकानातला गोंगाट असा: वर पंखा, शेजारी झेरॉक्सची घरघर, रस्त्यावर एसटीचे हॉर्न, समोर रसवंतीचं चरक आणि त्याला बांधलेले घुंगरू. संगणकाचे स्पीकर मुठीएवढे. अशा स्पीकरातून खालच्या पट्टीतलं जवळजवळ काही निघतच नाही. पवनने हौसेने ढोलाचा ठेका रेकॉर्ड करून आणला होता, मोबाईलवर झकास, दुकानाच्या स्पीकरवर पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा. पंखा आणि मशीनची घरघरसुद्धा खालच्याच पट्टीत असते, म्हणजे जे थोडंफार निघतं ते त्यात बुडतं. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. तिथे ऊर्जा असलेला आवाज हवा.

मग घरात हिंडलो. पितळी घंटा बाद, तिचा नाद फार वेळ लोळत राहतो. स्टीलच्या ताटावर चमचा: तीक्ष्ण, लहान, कापून येतो, पण शेजारच्या हॉटेलातून दिवसभर तोच आवाज येत असतो. शेवभाजीच्या वाट्या आणि आमचा प्रिंटर यांची गल्लत नको. घुंगराचंही तेच, रसवंती समोरच आहे. खरं तर पोळ्याला बैलांना घालतात ती घुंगरमाळ आप्पांकडे टांगलेली आहे आणि तिचा आवाज फार गोड आहे, वाईट वाटलं. शेवटी ठरले ते असे. कामं झाल्याचा आवाज: काचेच्या बाटलीवर पेन्सिलीचे दोन ठोके, दुसरा उंच (बाटलीत पाणी कमी राहिलं की ठोका उंच लागतो). प्रिंटर थांबला: सागाच्या पाटावर लाटणं, तीनदा, भरभर. लाकडाचा आवाज या गल्लीत दुसरीकडे कुठून येत नाही. पेन ड्राइव्हला अडकित्ता मिटल्याचा खट्ट.

लाईटीच्या बाबतीत मात्र ठोके, घंटा काही नको, माणूस बोललेलाच हवा यावर वहिनी ठाम होत्या. कारण त्यांनी सांगितलं ते पटलं: लाईट गेली की सगळ्यांनी एकदम काहीतरी करायचं असतं, कुणी फॉर्म सेव्ह करायचा, कुणी मशीन बंद करायचं, तेव्हा "हा कोणता आवाज होता" असा विचार करायला वेळ नसतो. वहिनींच्याच आवाजात घेतलं: "लाईट गयी!" आणि प्रिंटरच्या ठोक्यांमागून: "कागद सरनात." पवनला यात विनोद भरायचा होता. दिवसातून दहा वेळा तोच विनोद ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

रेकॉर्डिंग मोबाईलवर, मागच्या खोलीत, पंखा बंद करून, गोधडी लटकवून. जून महिन्यात चोपड्याला पंखा बंद म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. फाईली सॉक्स या आवाज कापण्या-सुधारण्याच्या प्रोग्रामने साफ केल्या: सुरुवातीची शांतता कापली, उलटं करून शेवटचीही कापली, पुन्हा सुलटं केलं. 200 हर्ट्झच्या खालचं सगळं हायपास या गाळणीने उडवलं. शेवटी थोडा फेड, नाहीतर फाईल संपताना टक्क असा तुटल्याचा आवाज येतो. सगळ्यांची पातळी नॉर्म उणे 3 डेसिबलवर आणली, म्हणजे एक कानात घुसतो आणि दुसरा ऐकूच येत नाही असं होत नाही. ठोक्यांना आणि बोलण्याला हे पुरेसं नव्हतं, बोलणं कानाने ऐकून थोडं वाढवलं. 48000 हर्ट्झ, एकच चॅनल, मग ओजीजीएन्क या आज्ञेने ओजीजी, दर्जा 4. ठोक्यांचे आवाज सेकंदाच्या आत आहेत, बोलणं साधारण दोन सेकंद.

8 जून, रविवार

सिनॅमनचे दोन संगणक. थीम निवडली, नावाने आवाज वाजवणारी आज्ञा, कॅनबेरा-जीटीके-प्ले -आय कम्प्लीट, दिली, बाटली वाजली. पेन ड्राइव्ह लावली, मिंटचाच जुना आवाज. सिनॅमन स्वतःच्या प्रसंगांसाठी थीमला विचारतच नाही. प्रत्येक प्रसंगासाठी फाईलचा पूर्ण पत्ता वेगळा साठवलेला असतो: लॉगिन-फाईल, प्लग-फाईल, अनप्लग-फाईल, स्विच-फाईल, मॅप-फाईल (नवी खिडकी), क्लोज-फाईल, टाइल-फाईल, नोटिफिकेशन-फाईल, आणि प्रत्येकाला जोडीने चालू-बंदचं बटण. सेटिंग्जमध्ये साउंडच्या पानावर आवाजांचा वेगळा टॅब आहे, तिथून माउसने होतं. दोन संगणकांवर तेच तेच करायला नको म्हणून जी-सेटिंग्ज या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेच्या ओळींची छोटी स्क्रिप्ट केली, ऑर्ग.सिनॅमन.साउंड्स या स्कीमामध्ये खिडक्यांचे, लॉगिनचे, सूचनांचे सगळे फॉल्स, म्हणजे बंद केले. आवाज कमीजास्त करतानाचा टुक वेगळ्याच घरात राहतो, ऑर्ग.सिनॅमन.डेस्कटॉप.साउंडमध्ये. तोही काढला.

प्लग आणि अनप्लगही बंद केले. अनप्लगचा आवाज ड्राइव्ह निघून गेल्यावर येतो. ती नीट अनमाउंट करून (संगणकाकडून आधी सोडवून घेऊन) काढली की पोराने हिसकून काढली, दोन्हीला आवाज तोच. निघून गेल्यावर सांगून काय उपयोग? आम्हाला हवा होता "आता काढ" असं सांगणारा. त्यासाठी पॅनेलवर एक बटण ठेवलं. ते यूडिस्क्सकंट्रोलने अनमाउंट करतं, मग पॉवर-ऑफ, आणि दोन्ही यशस्वी झाले तरच अडकित्ता वाजतो. अनमाउंट ही आज्ञा लिहायचं राहिलेलं सगळं ड्राइव्हवर उतरल्याशिवाय परतत नाही, म्हणून खट्ट ऐकू आला म्हणजे फाईल खरोखर पोचली. मोठ्या फाईलीनंतर खट्ट यायला वेळ लागतो. तोपर्यंत गिऱ्हाईकाला थांबवायचं, हे पवनला सांगून ठेवलं.

10 जून, मंगळवार

पवनचा फोन: खट्टचा आवाज आवडला, गिऱ्हाईकं आता स्वतःच म्हणतात "वाजू दे, मग काढ".

14 जून, शनिवार

मागचा डबा. एक्सएफसीई. थीम नेऊन ठेवली, काहीच वाजेना. इथे समजून घ्यायची गोष्ट ही की थीम स्वतः काही वाजवत नाही. ती फक्त उत्तर देते, विचारणारा कुणीतरी लागतो. सिनॅमनमध्ये विचारणारे बरेच असतात. एक्सएफसीई त्या बाबतीत अबोल आहे, आणि मूळ बसवणीत आवाजांचं बटणही बंद असतं.

क्रमाने केलं ते: कॅनबेराचं जीटीके मॉड्यूल (जीटीके म्हणजे प्रोग्रामांच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) आणि वाजवायची आज्ञा ज्यात येते ती दोन पॅकेजं बसवली. सेटिंग्जमध्ये अपीअरन्स या खिडकीत इव्हेंट साउंड्सवर खूण केली. इनपुट फीडबॅकवर मुद्दाम केली नाही, ती केली की प्रत्येक बटण दाबल्यावर वाजतं. थीमचं नाव द्यायला मात्र तिथे जागाच नाही. ते एक्सएफकॉन्फ-क्वेरी ही आज्ञा वापरून, एक्ससेटिंग्ज चॅनलमध्ये, नेट/साउंड-थीम-नेम या नावाखाली "खान्देश" असं घातलं. लॉगआउट, लॉगिन. आता जीटीके 3 चे प्रोग्राम इशाऱ्याची चौकट उघडली की विचारतात.

जीटीके 4 मध्ये अशी मॉड्यूलं जोडायची सोयच काढून टाकली आहे. म्हणजे नव्या प्रोग्रामांत हा मार्ग नाही. ज्याने त्याने स्वतः वाजवायचं. घरी भाचा केडीई हा डेस्कटॉप वापरतो, तिथे वेगळी तऱ्हा: प्रत्येक प्रोग्रामच्या सूचनांची एक यादी असते आणि तिच्यात आवाज नेमलेला असतो. केडीईचं प्लाझ्मा 6 आलं फेब्रुवारी 2024 मध्ये, त्यात ओशन नावाचा नवा आवाजसंच आला आणि तोही फ्रीडेस्कटॉपच्या चालीवर. त्याच्याकडे आमची थीम ठेवून पाहायला सांगितलंय, फारशी घाई नाही.

दुपारी एक चक्रावणारा प्रकार. डायलॉग-वॉर्निंगची फाईल बदलली, तरी जुनाच आवाज. फाईल सरळ वाजवली तर नवा, नावाने वाजवली तर जुना. कारण असं: वारंवार लागणारे आवाज लिबकॅनबेरा पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या सेवेच्या स्मरणात नमुना म्हणून टाकून ठेवते आणि पुढच्या वेळी डिस्ककडे न जाता तोच नमुना वाजवायला सांगते. त्यात गैर काही नाही, जुन्या डब्यावर त्यामुळे आवाज लगेच येतो. पण फाईली बदलायच्या दिवसांत तापदायक. पल्सऑडिओच्या पीए-कंट्रोल या आज्ञेला नमुन्यांची यादी मागितली (लिस्ट सॅम्पल्स), त्यात प्रसंगाच्या नावाने तो बसलेलाच होता. रिमूव्ह-सॅम्पल देऊन हाकलला, काम झालं. फाईल बदलल्यावर वेड लागायची वेळ आली तर आधी हे बघावं. कॅशे फोल्डरमध्ये इव्हेंट-साउंड-कॅशे या नावाने सुरू होणारी फाईलही असते, तिच्यात कोणत्या नावाला कोणती फाईल सापडली याची नोंद असते. तीही पुसली तर बिघडत नाही, पुन्हा तयार होते.

15 जून, रविवार

लाईट. या प्रकल्पाचं खरं कारण हेच होतं.

वारा सुटला की फीडर बंद होतो, हे इकडे पावसाळ्याच्या तोंडाला नेहमीचंच. काउंटरवरच्या यूपीएसला यूएसबी आहे. नट नावाची यूपीएस सांभाळणारी मंडळी बसवली. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना लागतो तो क्यूएक्स ड्रायव्हर यालाही लागला. यूपीएससी ही आज्ञा दिली की यूपीएसची स्थिती दिसते: ओएल म्हणजे वीज आहे, ओबी म्हणजे बॅटरीवर, त्यात एलबी जोडलं की बॅटरी संपत आली.

नटमध्ये सूचना देणारा स्वतःचा पहारेकरी आहे, यूपीएसमॉन. प्रसंग घडला की तो सांगितलेली आज्ञा चालवतो. पण ती चालवतो नट या वापरकर्त्याच्या नावाने, आणि आवाजाची वाट वहिनी ज्या नावाने लॉगिन झाल्या त्यांच्या रनटाइम फोल्डरमध्ये असते. तिथे दुसऱ्याला प्रवेश नाही, असायलाही नको. यूडेव्ह नियमातून (यंत्र जोडलं-काढलं की चालतात ते नियम) आवाज वाजवू पाहणारे याच भिंतीवर आपटतात. लोक मग रूटला डेस्कटॉपच्या वापरकर्त्याचं सोंग घ्यायला लावतात, त्याच्या लॉगिनची माहिती देणारी चलं (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स) हाताने भरतात. चालतं, पण पुढच्या लॉगिनला कुठेतरी तुटतं.

मी उलटं केलं. वापरकर्त्याच्याच सिस्टमडीमध्ये (मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) एक छोटी सेवा लावली, लॉगिनसोबत चालू होते. पाच सेकंदाला एकदा यूपीएससीला विचारते आणि मागचं उत्तर लक्षात ठेवते. ओएलचं ओबी झालं की "लाईट गयी". ओबीमध्ये एलबी आलं की तेच पुन्हा, आणि मागोमाग बॅटरी-लो. परत ओएल झालं तर काहीच नाही. पंखा फिरायला लागतो, तेवढं पुरे. सेवेतून वाजवायला कॅनबेराची आज्ञा घेतली नाही, तिला स्क्रीनचा पत्ता लागतो. त्याऐवजी पल्सऑडिओची पीए-प्ले ही आज्ञा, सोबत मीडिया.रोल म्हणजे इव्हेंट अशी ओळख, आणि फाईलचा पूर्ण पत्ता. थीम बदलली तर हा पत्ता हाताने बदलावा लागेल. चालेल.

यूपीएसची वायर भिंतीतून काढण्याआधी स्पीकर कुठे लावलेत ते पाहिलं. भिंतीतल्या बोर्डावर. म्हणजे लाईट गेली की सांगणाराच मुका. ते यूएसबीवर चालणाऱ्या जोडीने बदलले, संगणकाच्या मागे. मग वायर काढली. पाच सेकंदांत वहिनींचा आवाज आला आणि दोन गिऱ्हाईकांनी एकदम वर पाहिलं.

आप्पांनी विचारलं की झेरॉक्सच्या मशीनला पण असं काही सांगता येईल का. ते यूपीएसवर नाही, लाईट गेली की बंदच पडतं. त्यांनीच उत्तर दिलं: "त्याले कशाले सांगानं."

21 जून, शनिवार

प्रिंटर. कप्सला (लिनक्सची छपाई सांभाळणारी सेवा) एलपीऑप्शन्स या आज्ञेने विचारलं की प्रिंटरच्या माहितीत स्टेट-रीझन्स नावाचं खातं दिसतं, कागद संपला तर तिथे मीडिया-एम्प्टीने सुरू होणारं कारण येतं. नव्या प्रिंटरवर हे नीट चालतं. जुना लेझर प्रिंटर काहीच सांगत नाही, कागद असो नसो, खात्यात "नन". त्याच्यासाठी अंदाजाचा नियम: रांगेत काम आहे आणि मिनिटभर तेच काम पुढे आहे, तर लाटणं वाजवायचं. जास्त पानांच्या कामाला कधीकधी उगाच वाजतं. मिनिटाचं दोन केलं तेव्हा पवन म्हणाला तोपर्यंत गिऱ्हाईकच ओरडतं. मिनिटावर ठेवलं.

या आवाजाला फ्रीडेस्कटॉपच्या यादीत साजेसं नाव शोधत बसलो नाही. आपलं स्वतःचं नाव दिलं तरी आपल्या थीममध्ये फाईल सापडतेच. फक्त दुसऱ्या कुठल्या थीमवर गेलो तर त्या नावाला उत्तर मिळणार नाही.

आवाजाची पातळी. दुकानात एका संगणकावर यूट्यूबला अहिराणी गाणी चालू असतात, ती बंद करा म्हणायची माझी छाती नाही. पॅव्हूकंट्रोल या आवाजाच्या पातळ्या ठरवायच्या प्रोग्राममध्ये प्लेबॅकच्या टॅबवर सिस्टम साउंड्स म्हणून वेगळी पट्टी असते. ज्या आवाजांना इव्हेंट अशी भूमिका दिलेली असते ते सगळे तिच्या ताब्यात. ती वर ठेवली, ब्राउझरची खाली. मिंट 22 मध्ये मुळात पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे, तरी पल्सऑडिओची भाषा त्याला येते, त्यामुळे हे तिन्ही संगणकांवर सारखंच झालं. पल्सऑडिओत इशारा आला की गाणं आपोआप दबवणारं मॉड्यूलही आहे, रोल-डकिंग. मागच्या डब्यावर लावून पाहिलं. गाण्याच्या मधे आवाज असा खाली-वर होतो की ऐकणारा वैतागतो. काढलं.

22 जून, रविवार

टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या खिडकीची) घंटा. दुकानात टर्मिनल मी सोडून कुणी उघडत नाही, म्हणून हे माझ्या सोयीसाठी.

टॅब दाबला आणि पूर्ण करायला काही नसलं की टुक. ही घंटा आस्की या संगणकाच्या जुन्या अक्षर-यादीतल्या 7 क्रमांकाच्या चिन्हाची, कंट्रोल-जी. टेलिटाइप यंत्रांत ते चिन्ह आलं की खरोखरची घंटा वाजायची, पलीकडच्या माणसाला उठवायला. आता तिची जागा बेल-टर्मिनल या फाईलने घेतली आहे. घरच्या फोल्डरात डॉट-इनपुटआरसीमध्ये सेट बेल-स्टाइल नन लिहिलं, बॅशची (टर्मिनलमध्ये आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम) कटकट संपली. व्हिम या मजकूर-संपादकाला वेगळं सांगावं लागतं: सेट बेलऑफ=ऑल. जुन्या डब्याच्या मदरबोर्डवरचा बझर पीसीएसपीकेआर मॉड्यूलमधून वाजतो, ते काळ्या यादीत, म्हणजे बंद.

घंटा पूर्ण घालवली नाही. बॅशमध्ये "झालं" नावाचं एक फंक्शन आहे, लांब आज्ञेच्या शेवटी अर्धविराम देऊन लिहायचं. आज्ञा यशस्वी असेल तर बाटली, नसेल तर डायलॉग-एरर. जुन्या सातबाऱ्याच्या स्कॅनवर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामची मराठी ओळख लावली की बराच वेळ जातो, तेव्हा उपयोगी. स्कॅनच्या पीडीएफ जोडणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटीही तेच घातलं, आणि पवनला आता कपाटापाशी उभं राहूनही कळतं.

29 जून, रविवार

सगळं एका गिट भांडारात (फाईलींच्या बदलांची नोंद राहते तिथे) टाकलं: थीमचं फोल्डर, जी-सेटिंग्जची स्क्रिप्ट, दोन सेवा, कच्च्या वेव्ह फाईली. कच्च्या फाईली मुद्दाम. पुढे स्पीकर बदलले तर हायपास पुन्हा ठरवावा लागेल आणि ओजीजीवरून पुन्हा ओजीजी करण्यात अर्थ नाही. थीम संगणकांवर आरसिंक या फाईली नेणाऱ्या आज्ञेने जाते.

पंधरवडाभर वापरून बदललं ते: बॅटरी-लोच्या आवाजात वहिनींनी "सेव्ह करा" घालायला सांगितलं, घातलं. लाटण्याचे तीन ठोके दोन केले. डायलॉग-वॉर्निंग गप्प केलं, कारण ती चौकट आली तर माणूस स्क्रीनसमोरच असतो.

राहिलं ते: ब्राउझर. फॉर्मच्या साइटा आणि व्हॉट्सॲप वेब आपापले आवाज पानातूनच वाजवतात, ते थीमला विचारत नाहीत आणि सिस्टम साउंड्सच्या पट्टीतही येत नाहीत. सध्या व्हॉट्सॲपचा टॅब म्यूट. गिऱ्हाईकं फाईली त्यावरच पाठवतात, म्हणून नवा संदेश आल्याचा आवाज खरं तर आमच्या यादीत बसतो. ब्राउझरची सूचना डेस्कटॉपवर येते तेव्हा ती डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवरून जाते. तिथे कान लावून फक्त व्हॉट्सॲपच्या सूचनेला बाटली वाजवता येईल असं दिसतंय. डी-बस-मॉनिटरने पाहिलं तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही उघडे दिसतात, म्हणून स्क्रिप्टने मजकुराला हात न लावता फक्त आलं एवढंच धरायचं. पुढच्या शनिवारी.